डाव्या दोरीचा माणूस

पुण्यातून निघालो तेव्हा जीपच्या टपावर अठरा फूट लांबीचं निळं गाठोडं बांधलेलं होतं आणि त्याच्या शेपटाला लाल फडकं. गाठोडं माझा मित्र सुहास याचं, जीप त्याची आणि मोहीमही त्याचीच. मी शेजारच्या सीटवर बसून त्याच्यावर जळत होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं वर्णन त्या जळण्याचंच आहे. डोंगर, नदी आणि भाकरी मधूनमधून येतील.

गाठोड्यात हँग ग्लायडर होता. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि जाड कापड यांचा हा एक मोठा त्रिकोणी पंख. त्याखाली पट्ट्यांनी स्वतःला टांगून घ्यायचं, समोरची दांडी धरायची, उतारावरून वाऱ्याच्या तोंडाला धावत सुटायचं आणि पाय जमिनीवरून सुटले की उडायचं. सुहासचा हा पंख लहान आहे, नवख्यांना ओळख करून देण्यापुरता. त्याला तीन दोऱ्या असतात. नाकावरची दोरी सुहास धरतो, डाव्या-उजव्या टोकांच्या दोऱ्या धरून दोन माणसं बरोबर धावतात. पंख नीट उठला की सुहास 'सोड' म्हणतो, मग बाजूच्या दोघांनी दोऱ्या ढिल्या सोडायच्या. शिकणारा माणूस पुरुषभर उंचीवरून पन्नाससाठ पावलं तरंगत जातो आणि खाली उतरतो. एवढंच. पण एवढ्यासाठी मी बावीस वर्षं तळमळतो आहे.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच शिबिरात शिकायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मी उतारावर तोंडघशी पडलो आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. सुहासनं मला दवाखान्यात पोचवलं, पट्टा बांधून होईपर्यंत बाकड्यावर बसून राहिला, आणि संध्याकाळी परत डोंगरावर जाऊन आयुष्यात पहिल्यांदा उडाला. पुढं तो शिक्षक झाला. मी विमा कंपनीत चिकटलो आणि दर दिवाळीला त्याचे आकाशातले फोटो 'वा, छान' म्हणत बघत आलो.

या खेपेला त्याला अकोले तालुक्यात, राजूरच्या पलीकडच्या एका वाडीत हिवाळी शिबिर सुरू करायचं होतं. वाडीतली दोन माणसं निवडायची, त्यांना पुढच्या महिन्यात मोठ्या शिबिरात नेऊन तयार करायचं, आणि मग इथलं काम त्यांच्या हाती द्यायचं, असा बेत. मदतीला चल, असं त्यानं मला म्हटलं तेव्हा मी लगेच रजा टाकली. मनात म्हटलं, निदान या लहान पंखाखाली तरी एकदा पाय सुटतील.

संगमनेरला चहाला थांबलो. टपरीवाल्यानं गाठोड्याकडं बघून विचारलं, "मांडवाचं सामान का?" सुहास त्याला समजावून सांगू लागला आणि पाच मिनिटांत जीपभोवती दहाबारा माणसं जमली. हात पसरून तो वारा कसा येतो, पंख कसा उचलतो ते दाखवत होता. सगळे माना डोलावत होते. घरातल्या जेवणाच्या टेबलावर मी बोलायला लागलो की माणसं उठून हात धुवायला जातात. मी चहाचे पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसलो.

अकोल्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. पुढं ऊस विरळ झाला, प्रवरा मधूनच दिसायची, मधूनच लपायची. राजूर जवळ आलं तशी कापून मोकळी झालेली भाताची खाचरं सुरू झाली. मार्गशीर्षातलं ऊन, गवत पिवळं पडलेलं, डोंगरांच्या कडा धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ. राजूरचा बाजाराचा दिवस होता. कोंबड्या, विळे, वाल, सुकट, आणि पेढ्यांच्या दुकानांसमोर गर्दी. तिथं आमचे यजमान भाऊसाहेब वाट बघत होते. पन्नाशीचे, पांढरी टोपी, एसटीत ड्रायव्हर होते, आता शेती बघतात. शिबिराचा माळ त्यांचाच, त्यामुळं वाडीत त्यांच्या शब्दाला वजन.

वजनावरून आठवलं. लहान पंख पंचाहत्तर किलोपर्यंतच माणूस पेलतो. सुहासनं राजूरमध्येच एका भुसार दुकानातल्या काट्यावर, वाडीतून बाजाराला आलेल्या उत्सुक मंडळींना एकेक करून उभं केलं. शेवटी मला म्हणाला, "चल, तुझंही बघू." फोनवर मी त्याला पंचाहत्तर सांगितलं होतं. काट्यावर एक्क्याण्णव आले. मी बूट काढले. तरी नव्वदच्या खाली काही येईना.

"साहेब, तीनचार पायल्या जास्त भरताय," भाऊसाहेब म्हणाले. सगळे हसले, दुकानदारसुद्धा. सुहास हसला नाही. "तू डावी दोरी धर," तो हळूच म्हणाला, "मला तिथं भरवशाचा माणूस हवाच होता." तो हसला असता तर बरं झालं असतं.

वाडी राजूरपासून पाचसहा किलोमीटरवर. पंचवीसेक घरं, मागं डोंगर, पुढं उतरता माळ आणि खाली खाचरं. जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि लसणाची चटणी होती. नव्वद किलोच्या दुःखावर मी तीन भाकरी खाल्ल्या. वाढायला भाऊसाहेबांची धाकटी भावजय होती, सविता. तिशी ओलांडलेली, किडकिडीत, आवाज खणखणीत. नवरा नाशिकला कारखान्यात, महिन्यातून दोनदा येतो. घरची शेती हीच ओढते. तिनं सुहासला विचारलं, "सर, बायांनाबी देता का उडायला?"

"वजन किती?"

"बाजारात काट्यावर अठ्ठेचाळीस आलं. तुमी यायच्या आधीच उभी ऱ्हायले हुते."

भाऊसाहेब भाकरीकडं बघत म्हणाले, "बघू." त्या 'बघू'मध्ये नाही होतं, हे मलासुद्धा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर पंख उभा केला. निळा-पिवळा, ताणून बसवलेला, उन्हात इतका देखणा दिसत होता की मी नजर काढून दोऱ्यांच्या गाठी तपासायला लागलो. वाडी सगळी जमली. सुहासनं खिशातून वारा मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि म्हणाला, "निघू या."

"आत्ता न्हाई," सविता म्हणाली. तिनं कनवटीतून मूठभर नागलीचं भुसकट काढलं आणि खांद्याएवढ्या उंचीवरून सोडलं. भुसकट आमच्या पाठीकडून येऊन उताराच्या दिशेनं गेलं. "वारा अजून डोंगरावरनं खाली उतरतोय. ऊन खाचरात पोचलं का मग तो माघारी फिरंल अन् वर चढंल. आमी तवाच उफनायला (धान्य वाऱ्यावर धरून साफ करायला) घेतो."

सुहासनं यंत्राकडं पाहिलं आणि यंत्र खिशात घातलं. अर्ध्या तासानं सवितानं पुन्हा मूठ सोडली. भुसकट आता समोरून आमच्या तोंडावर आलं. सुहास तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होता, त्या नजरेनं त्यानं बावीस वर्षांत माझ्याकडं कधी पाहिलेलं नाही.

पहिले तिघं गडी धावले. एकजण घसरला, दुसऱ्यानं दांडी छातीशी इतकी घट्ट धरली की पंख उठलाच नाही, तिसरा वीतभर उचलला आणि घाबरून खाली बसला. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं. प्रत्येकाला मी 'होतं असं सुरुवातीला' म्हणून धीर देत होतो आणि मनातल्या मनात आनंदानं टाळ्या पिटत होतो.

चौथी सविता. भाऊसाहेबांना नाही म्हणायला सबब मिळाली नव्हती. त्यांनी उजवी दोरी धरली होती, मी डावी. तिनं साडीचा काचा मारला, वर नवऱ्याचा जुना शर्ट घातला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पट्टे बांधून घेतले. पंख खांद्यावर घेऊन ती थांबून राहिली. दोन झुळका गेल्या. तिसरीला म्हणाली, "आत्ता," आणि धावली.

सहा पावलं. सातवं पडलंच नाही. तिचे पाय जमिनीवरून असे सुटले की जणू ती रोजच अशी जाते. माझं गळ्याजवळचं हाड ठणकलं. "सोड," सुहास ओरडला. भाऊसाहेबांनी सोडली. मी ऐकलं, मला शब्द नीट ऐकू आला, आणि मी दोरी सोडली नाही. उलट मूठ आवळली. दोन श्वास, फार तर तीन. तेवढ्यात डावं टोक खाली खेचलं गेलं, पंख माझ्याकडं गर्रकन वळला, टोक गवतात घासलं आणि ती गुडघ्यांवर आपटली. दांडीची एक उभी नळी वाकली.

सुहास धावत तिच्याजवळ गेला. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. माणसं गोळा झाली. भाऊसाहेब म्हणाले, "तिनं दांडी डावीकडं ओढली. मी म्हनत हुतो, बायामानसाचं काम न्हाई ह्ये." दोनचार टोप्या हलल्या.  सविता माझ्या उजव्या तळहाताकडं बघत होती. तिथं दोरीचा लालभडक वळ उठला होता. मी हात खिशात घातला.

सुहासकडं जादा नळी होती. "संध्याकाळपर्यंत बसवतो, उद्या सकाळी पुन्हा," तो म्हणाला. भाऊसाहेबांनी मान हलवली. "उद्या तिला नको. निवडायचीच दोन मानसं तर गड्यांतली निवडा." माळ त्यांचा होता. सुहास नळीचे बोल्ट सोडवायला खाली वाकला आणि बराच वेळ त्यानं वर बघितलंच नाही.

दुपार कलल्यावर भाऊसाहेब मला खळं (धान्य झोडायची, उफणायची सारवलेली जागा) दाखवायला घेऊन गेले. वारा छान सुटला होता. सविता उंच तिपाईवर उभी राहून पाटीतून नागली खाली सोडत होती. दाणे सरळ पायाशी पडत होते आणि भुसकट लांब उडून जात होतं. कोपराला फडकं बांधलेलं. खाली एक म्हातारी बाई तिला पाट्या भरून देत होती.

"चप्पल भायेर काढा साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "खळ्यावर पायतान चालत न्हाई. अन् खळ्यावर कुनी खोटं बोलत न्हाई. रास घटते." हे त्यांनी मला बजावून नव्हे, कौतुकानं सांगितलं, आपल्या घरच्या रीती पाहुण्याला सांगाव्यात तसं. मी अनवाणी आत गेलो. शेणानं सारवलेली जमीन गार होती.

थोडा वेळ गेला. मग भाऊसाहेबांनी सहज विचारलं, "साहेब, तुमी दोरी येळेवर सोडली हुती ना?"

"हो तर," मी म्हणालो.

सविताच्या हातातली पाटी तिरकी होती ती सरळ झाली. दाण्यांची धार तुटली. ती तिपाईवरून उतरली, पाटी पालथी घातली, राशीवर गोणपाट ओढलं आणि खळ्याच्या कडेला जाऊन बसली. वारा वाहत होता. आजूबाजूच्या तीन खळ्यांवर उफणणी चालू होती.

"अगं, वारा हाय की चांगला," भाऊसाहेब म्हणाले.

"आज रास न्हाई लावायची."

पाट्या देणारी म्हातारी चटकन उठली, तिनं एकदा माझ्याकडं, एकदा सविताकडं पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. रास अर्ध्यात झाकायची म्हणजे खळ्यावर कुणीतरी खोटं बोललंय, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं; माझ्या डोक्यात प्रकाश हळूहळू पडला. भाऊसाहेब भावजयीजवळ जाऊन आवाज खाली आणून म्हणाले, "तूच काय लपवतीस का? दांडी ओढली असशील तर सांगून टाक. पोरी, रागावत न्हाई मी."

ती खाली मान घालून कोपराचं फडकं घट्ट करत राहिली. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मी वाद घातला असता, एवढं मला स्वतःबद्दल माहीत आहे. साहेब माणूस, पुण्याचा, सरांचा दोस्त; जिंकलोही असतो. पण ती बोलेचना. आणि तिच्या न बोलण्यानं दोष आणखीच तिच्याकडं सरकत चालला होता.

"मी दोरी सोडली नव्हती," मी म्हणालो.

भाऊसाहेब वळले. मी खिशातला हात काढून पुढं धरला. त्यांनी वळाकडं पाहिलं. एसटीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हातावरच्या खुणा वाचता येतात.  म्हणाले, "गडबडीत ऱ्हायली असंल."

"नाही. सुहासचा शब्द ऐकला होता मी. मुद्दाम धरून ठेवली."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि घराकडं निघून गेले.  मी चपला शोधू लागलो, तर सविता उठली आणि तिपाईवर चढली. "म्हातारीचे हात दुखत्यात," ती म्हणाली. "पाट्या द्या."

मी दिल्या. ऊन डोंगराआड जाईपर्यंत दिल्या. नाकातोंडात भुसकट गेलं, शिंका थांबेनात, कंबरेचा काटा ढिला झाला. मध्येच वारा पडला तेव्हा तिनं वरूनच विचारलं, "का धरली?"

"तुम्ही वर जात होता म्हणून."

तिनं यावर विचार केला. "मंग तुमी का न्हाई जात?"

"वजन."

ती हसली, पण थोडंसंच. मग वारा आला आणि तिनं हात पुढं केला, पाटीसाठी.

संध्याकाळी सुहासला मी सगळं सांगितलं. तो नवी नळी बसवत होता. "नाकावरची दोरी माझ्या हातात होती," तो म्हणाला. "डावीकडचा ताण मला कळला होता." मग त्यानं बोल्ट घट्ट केला. दुपारभर तो गप्प का राहिला होता, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, माझ्यासाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब स्वतः सविताला घेऊन माळावर आले. जमलेल्या लोकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "काल दोरी अडकली हुती. तिची चूक न्हवती." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. सुहासनं विचारलं, डावीकडं कोण? मी पुढं झालो. का झालो देव जाणे, बहुधा प्रायश्चित्त वगैरे घ्यायचं असावं.

"ते नकोत," सविता म्हणाली. राग नव्हता आवाजात. सुपाला भोक पडलं असेल तर बाई ते बाजूला ठेवते, तसं. "भाऊसायेब डावीकडं धरत्याल. उजवीकडं दुसरं कुनीबी."

मी उताराच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. ऊन खाचरात पोचलं. तिनं भुसकट सोडलं, दोन झुळका जाऊ दिल्या आणि धावली. पाय सुटले, दोन्ही दोऱ्या सुटल्या. ती माझ्या डोक्यावरून गेली. पोटऱ्यांना लागलेली धूळ दिसली, आणि तिचा चेहरा. उफणताना असायचा तसाच, कामात बुडलेला. माळाच्या टोकाला ती उतरली, चार पावलं धावली, थांबली. लोक तिच्याकडं पळाले. मी पळालो नाही. माझ्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या आणि त्यांत काहीच नव्हतं. ती वर असताना क्षणभरही मला 'पडू नको' असं वाटलं नव्हतं. वाटलं होतं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो: आता उतर, पुरे झालं.

सुहासनं दोन नावं लिहिली. पहिलं सविताचं.

परतीच्या वाटेवर राजूरला पेढे घेतले. प्रवासानं माणसाचं मन मोठं होतं, असं प्रवास करून आलेले लोक सांगतात. माझं झालं नाही. मी जसा जळत गेलो तसाच जळत परत येत होतो, फरक एवढाच की आता मला त्याचं वजन माहीत होतं. तीन श्वास आणि एक वाकलेली नळी. आणखी दोन श्वास धरली असती तर सविताचा हात मोडला असता, आणि मग मी कुठल्या खळ्यावर काय बोललो असतो कुणास ठाऊक.

प्रवरेच्या काठाकाठानं जाताना मी सुहासला विचारलं, "मोठ्या शिबिरात तिची दोरी कोण धरणार?"

"मोठ्या पंखाला दोऱ्या नसतात." तो रस्त्याकडं बघत होता. "वारा वाचायला मला बारा वर्षं लागली. ही मूठभर भुसकट सोडते. वर्षभरात ती माझ्या पुढं जाईल बघ. आणि तिथं तिला कुणाला धरता येणार नाही. मलाही नाही."

'मलाही नाही' तो ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज मी ओळखला. बावीस वर्षं मी रोज आतून ऐकत आलो होतो. आदल्या दिवशी दुपारभर डाव्या दोरीबद्दल तो का गप्प बसला होता, ते मला तेव्हा कळलं. मी पेढ्यांचा पुडा सोडला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात काढून पेढा घेतला, आणि अकोलं येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून पुडा संपवला.